घाऊक पाठबदल : संकेतस्थळावरील मराठी संहिता आणि रेग्युलर एक्स्प्रेशन

१

मुद्रित ग्रंथाचा संपादक एका वेळी एकाच स्थळी निर्णय घेतो. एखादा पाठ भ्रष्ट वाटला तर तो उपलब्ध प्रती ताडून पाहतो, त्यांतील एक पाठ स्वीकारतो आणि नाकारलेला पाठ तळटीपेत नोंदवतो. संकेतस्थळावर ठेवलेल्या संहितेच्या बाबतीत ही रीत पाळली जातेच असे नाही. एखाद्या जुन्या मासिकाच्या अंकांची हजार-पंधराशे पृष्ठे एचटीएमएल स्वरूपात साठवलेली असतात. कालांतराने त्यांतील खुणा जुन्या होतात, अक्षरे नव्या संगणकावर नीट दिसेनाशी होतात, आणि मग एका ओळीची आज्ञा देऊन सर्व पृष्ठांत एकदम बदल केला जातो. 'अमुक आकृतीचा मजकूर जेथे जेथे सापडेल तेथे तेथे तमुक ठेवावे' असे त्या आज्ञेचे रूप असते. काही सेकंदांत हजारो स्थळे बदलतात. हे काम साफसफाईचे मानले जाते व ते तंत्रज्ञावर सोपवून संपादक मोकळा होतो.

मराठी संहितेपुरते तरी हे काम पाठचिकित्सेच्या कक्षेत येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याला तंत्रज्ञ कचरा समजतो ते चिन्ह मराठीत अर्थभेदक असू शकते. आणि ज्याला तो निव्वळ सजावट समजतो तो टॅग मजकूर वाचण्याची एकमेव किल्ली असू शकतो. विवेचनाच्या सोयीसाठी टॅगांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत.

२

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे अक्षरांच्या क्रमाचे सांकेतिक वर्णन. त्याला येथे 'आकृतिबंध' म्हटले आहे. [क-ह] म्हणजे क ते ह यांपैकी कोणतेही एक व्यंजन; टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह; तारका म्हणजे आधीचा घटक शून्य किंवा कितीही वेळा. ही कल्पना मूळ गणिती तर्कशास्त्रातली. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली मांडलेला व १९५६ साली प्रसिद्ध झालेला 'नियमित' संचांचा विचार हा तिचा उगम होय. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली ती मजकुरातील शोधासाठी उपयोगात आणली, आणि १९७३ साली युनिक्स प्रणालीत आलेल्या 'ग्रेप' या आज्ञेमुळे ती संगणकावर काम करणाऱ्यांच्या नित्य व्यवहारात शिरली.

मराठीच्या अभ्यासकाला मात्र ही रीत अगदीच अनोळखी वाटू नये. पाणिनीच्या सूत्रात ज्याच्या जागी बदल करायचा तो स्थानी षष्ठीत येतो, जो त्या जागी येणार तो आदेश प्रथमेत येतो, पुढे काय असताना बदल करायचा ते सप्तमीने आणि मागे काय असताना करायचा ते पंचमीने सांगितले जाते. आधुनिक आकृतिबंधातही हे चारही घटक जसेच्या तसे आहेत : शोधायचा मजकूर, ठेवायचा मजकूर, पुढचा संदर्भ आणि मागचा संदर्भ. या साम्यावरून ऐतिहासिक ऋण सिद्ध होत नाही. तसा दावा करण्याचा मोह आवरलेलाच बरा. परंतु अध्यापनात ही तुलना फार उपयोगी पडते. 'दधि + अत्र' येथे इकाराचा यकार होऊन 'दध्यत्र' होते, पण 'दधि + इदम्' येथे तो न होता 'दधीदम्' होते. पुढे स्वर आला तर यकार, हा सामान्य नियम. पुढचा स्वर सवर्ण असेल तर दीर्घ, हा विशेष नियम त्याला बाजूला सारतो. व्याकरणात कोणता नियम बलवान याची व्यवस्था शास्त्रकार करून ठेवतो. संगणकाला तशी व्यवस्था ठाऊक नसते. जी आज्ञा आधी लिहिली ती आधी चालते, आणि तिने बदललेल्या मजकुरावर दुसरी चालते. उत्सर्ग-अपवादाचा विचार लिहिणाऱ्यानेच करायचा असतो.

दुसरा भेद याहून मोठा आहे. पाणिनीचा नियम धातू, प्रातिपदिक, प्रत्यय अशा व्याकरणिक कोटी ओळखतो. आकृतिबंध केवळ चिन्हे ओळखतो. 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन की नपुंसकलिंगी एकवचन, हे त्याला कधीच कळत नाही.

३

प्रथम टॅगांचा विचार करू. एचटीएमएलमध्ये मजकुराभोवती कोनी कंसांत खुणा लिहितात : <बी>ठळक</बी> असे. १९९० नंतरच्या दशकात अक्षराचे वळण, आकार व रंग सांगणारा <फॉन्ट> हा टॅग सर्रास वापरला जाई. १९९७ च्या अखेरीस आलेल्या ४.० आवृत्तीने तो टाळावा असे ठरवले, आणि २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत तो कालबाह्य ठरला. त्यामुळे जुनी पृष्ठे नव्या मानकात आणताना सर्व <फॉन्ट> टॅग एका आज्ञेने काढून टाकणे ही रूढ पद्धत आहे. इंग्रजी पृष्ठात यामुळे फार तर अक्षरांचे वळण बदलते.

मराठी पृष्ठाची गोष्ट निराळी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि देवनागरीला तीत स्थान होते. तरी संकेतस्थळांवर ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. दरम्यानच्या काळात रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले जात. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, योगेश ही नावे त्या काळात टंकन केलेल्या कोणालाही आठवतील. पडद्यावर दिसे ते देवनागरी; साठवलेले असे ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे निरर्थक कडबोळे. शिवाय प्रत्येक जातीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. एकात ज्या क्रमांकावर 'क' त्यावर दुसऱ्यात 'ज्ञ' असणे सहज शक्य. अशा पृष्ठात मजकूर कोणत्या मांडणीत लिहिला आहे हे सांगणारी जागा बहुधा एकच असे : <फॉन्ट> टॅगातले फॉन्टचे नाव. तो टॅग काढला की मजकुरातला एकही वर्ण बदलत नाही, आणि तरीही मजकूर नाहीसा होतो. बीजलेखाची किल्ली फेकून द्यावी आणि बीजलेख जपून ठेवावा, असा हा प्रकार आहे. मांडणी अंदाजाने पुन्हा ओळखता येते हे खरे. पण एकाच पृष्ठात शीर्षक एका फॉन्टमध्ये, मजकूर दुसऱ्यात आणि मधले इंग्रजी शब्द तिसऱ्यात असतील, तर तो अंदाज जागोजाग करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की टॅग काढण्याआधी आतला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. मार्ग हाच आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली ओळखीची. <.*> हा आकृतिबंध नवशिके 'कोणताही एक टॅग' या अर्थी लिहितात. तारका स्वभावाने हावरी असते; ती शक्य तितके गिळते. '<बी>केशवसुत</बी> आणि <बी>बालकवी</बी>' या ओळीत तो पहिल्या कोनी कंसापासून शेवटच्या कोनी कंसापर्यंत सारे पकडतो, आणि टॅग पुसायला गेलेली आज्ञा दोन्ही कवींना पुसून टाकते. <[^>]*> असे लिहिले, म्हणजे 'बंद करणारा कंस सोडून काहीही', तर बहुतेक वेळा भागते.

दुसरी अडचण तत्त्वाची आहे. <फॉन्ट> आत दुसरा <फॉन्ट> असेल तर कोणते </फॉन्ट> कोणाचे, हे आकृतिबंधाला सांगता येत नाही. कितीही खोल घरटी बांधलेल्या रचना नियमित भाषांच्या आटोक्याबाहेरच्या असतात. नोम चॉम्स्की यांनी १९५६ पासून मांडलेल्या व्याकरणांच्या श्रेणीतला हा मूलभूत भेद आहे. मराठी गोठवलेल्या पृष्ठात नेमके असेच असते : बाहेर मराठी फॉन्ट, आत एका इंग्रजी शब्दापुरता रोमन फॉन्ट. आकृतिबंध पहिल्या </फॉन्ट> पाशी थांबतो आणि पुढचे मराठी वाक्य रूपांतरावाचून राहते. याउलट सर्व फायलीवर सरसकट रूपांतर चालवले, तर टॅगांतली रोमन अक्षरेही देवनागरी होऊन बसतात, कारण साठवणीच्या पातळीवर दोन्ही एकच आहेत. म्हणून पृष्ठ आधी वृक्षरूपात वाचून घ्यावे, कोणता मजकूर कोणत्या टॅगाच्या पोटात आहे हे निश्चित करावे, आणि आकृतिबंध केवळ त्या मजकुरावर चालवावेत. टॅगांचे काम वाचकाचे, अक्षरांचे काम आकृतिबंधाचे, अशी ही वाटणी आहे. तीत आळस झाला की बाकीचे सारे कौशल्य वाया जाते.

४

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना अक्षरांचा क्रमही बदलावा लागतो. जुनी पद्धत डोळ्याला दिसते तशी : ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो : आधी व्यंजन, मग वेलांटी. तेव्हा वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनापलीकडे ठेवायची. 'वेलांटी + [क-ह]' असा साधा नियम लिहिला तर 'किरण' बरोबर येतो. 'स्थिती' मात्र 'सि्थती' होते आणि 'व्यक्तिमत्त्व' 'व्यकि्तमत्त्व' होते. संकेतस्थळांवरील मराठी वाचणाऱ्याने ही रूपे अनेकदा पाहिली असतील आणि ती टंकलेखकाच्या माथी मारली असतील. वास्तविक तो एका अपुऱ्या नियमाचा प्रताप असतो. वेलांटी एका व्यंजनाला लागत नाही, अक्षराला लागते. म्हणून नियम असा हवा : वेलांटी, मग [क-ह] व पायमोडीचे चिन्ह ही जोडी शून्य किंवा अधिक वेळा, मग एक [क-ह], आणि वेलांटी या सगळ्यानंतर. जोडाक्षराची शाळेत शिकवलेली व्याख्याच येथे आकृतिबंध होऊन उभी राहते. रफाराचा प्रवास उलट दिशेचा. तो दिसतो अक्षराच्या शेवटी आणि साठवायचा असतो आरंभी. म्हणजे त्याला मात्रा आणि काना ओलांडून मागे न्यावे लागते.

[क-ह] बद्दल एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. तेव्हा या कक्षेत ळ नसावा अशी शंका साहजिक आहे. युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये बसवला असल्याने तो कक्षेत येतो. वर्णमाला आणि संकेतावली यांचा क्रम एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

क्रमाचा दुसरा दाखला स्वरांचा. अनेक जुन्या फॉन्टमध्ये 'आ' म्हणजे अ आणि काना, 'ओ' म्हणजे अ, काना आणि मात्रा. 'अ + काना' चे 'आ' करणारी आज्ञा आधी चालली, तर 'ओ' च्या वाटची मात्रा उघडी पडते आणि 'ओळख' चे 'आेळख' होते. मोठी आकृती आधी, लहान नंतर. अपवाद आधी, उत्सर्ग नंतर. वर सांगितलेल्या 'दधीदम्' चाच हा धडा आहे.

५

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यातली चूक दिसत नाही. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरू व समुद्र, दुसऱ्यात स्वयंपाकी व डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद रफार आणि अर्धा ऱ यांवर उभा आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ तीन तऱ्हांनी साठवलेला आढळतो : ऱ या स्वतंत्र वर्णाला पायमोडी देऊन, र, नुक्ता व पायमोडी अशा तीन चिन्हांनी, किंवा र, पायमोडी आणि त्यानंतर एक शून्य रुंदीचे जोडचिन्ह ठेवून. तिन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. 'दऱ्या' शोधणाऱ्याला त्यांपैकी एकच सापडते आणि इतर दोन हातची निसटतात. म्हणून तिन्हींचे एकीकरण करणे इष्टच आहे, आणि ते घाऊक बदलाने निर्धोकपणे होते.

धोका उलट बाजूला आहे. शून्य रुंदीची चिन्हे नकलून-चिकटवून आणलेल्या मजकुरात अनाहूतपणे शिरतात, शोधात अडथळा आणतात; म्हणून 'सर्व अदृश्य चिन्हे काढावीत' हा नियम साफसफाईच्या यादीत हमखास असतो. तो मराठी पृष्ठांवर चालला की तिसऱ्या पद्धतीने लिहिलेला प्रत्येक अर्धा ऱ रफार होतो. 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' याचे 'आचार्यांना दक्षिणा दिली' होते, आणि वाक्य शुद्ध राहते. वाचक अडखळत नाही. 'वाऱ्यावर', 'पुऱ्या', 'गोऱ्या' अशा शब्दांत निदान डोळा थबकतो. जेथे दोन्ही रूपे अर्थपूर्ण आहेत तेथे पाठ कायमचा बदलतो. तेव्हा क्रम असा हवा : आधी तिन्ही लेखनांचे ऱ-युक्त रूपात एकीकरण, मग उरलेल्या अदृश्य चिन्हांची पाहणी, आणि शेवटी त्यांचा निकाल.

६

लेखननियमांच्या संदर्भात घाऊक बदलाचा मोह सर्वांत प्रबळ असतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत ४ ची भर पडली. व्युत्पत्तिसिद्ध, पण अनुच्चारित अनुस्वार त्यांमुळे गेले. १९६२ पूर्वीचे साहित्य संकेतस्थळावर आणताना 'नव्या नियमांप्रमाणे' करून घ्यावे, अशी मागणी होते. 'पांच' चे 'पाच' करणे त्यात सर्वांत निरुपद्रवी वाटते. नियम सरसकट चालवला तर 'पांचाली' ची 'पाचाली' आणि 'पांचजन्य' चा 'पाचजन्य' होतो. शब्दसीमेची अट घालावी, तर मराठीतले प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्याने 'पांचजणांनीं' सुटून जाते. शिवाय 'शब्दसीमा' म्हणजे काय, हे संगणक भाषेगणिक निराळे समजतो. पायथन या संगणकभाषेच्या अंगभूत 're' विभागात, म्हणजे 'आरई' या नावाच्या सोयीत, काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे शब्दाचा भाग धरली जात नाहीत. त्यामुळे 'पांच' नंतर काना आला की शब्द तेथेच संपला असे ती समजते. सीमेची अट घालूनही 'पांचाली' सापडते, आणि 'पांचजन्य' मात्र वाचतो.

'नांव' आणि 'नाव' यांची कथा वेगळी. जुन्या लेखनात पहिले नामवाचक, दुसरे होडी. नव्या लेखनात दोन्ही 'नाव'. हा बदल आकृतिबंध अचूक करतो, पण परतीचा रस्ता बंद करतो : उद्या कोणाला मूळ लेखन पाहायचे असेल, तर 'नाव' वरून ते सिद्ध होणार नाही. 'तें' आणि 'ते' यांचेही तसेच. शेवटचा अनुस्वार काढला की नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन एकरूप होतात.

खरी कसोटी 'घरांत' या रूपाची आहे. जुन्या लेखनात 'घरामध्ये' आणि 'घरांमध्ये' या दोन्ही अर्थी 'घरांत' च लिहीत. नवे लेखन एकवचनी 'घरात' आणि अनेकवचनी 'घरांत' असा भेद करते. म्हणजे येथे नवे नियम अधिक सांगतात आणि जुनी संहिता कमी. जुन्या 'घरांत' चे काय करावे, हे त्या पाच चिन्हांत कोठेही लिहिलेले नाही. ते मागच्या-पुढच्या वाक्यांत असते. सर्व अनुस्वार काढावेत तर 'चाळीतल्या सर्व घरांत' चे 'सर्व घरात' होते. सर्व ठेवावेत तर जुन्या लेखकाने एका घरातली हकिगत अनेक घरांची केली असे नव्या वाचकाला वाटते. 'त्यांत', 'गांवांत', 'हातांत' अशी हजारो रूपे या वर्गात पडतात. ती आकृतिबंधाने शोधावीत, बदलू नयेत.

७

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखकूंच्या चुका विखुरलेल्या असतात. एकाची चूक दुसऱ्या शाखेतल्या प्रतीत नसते, म्हणूनच प्रतींची तुलना करून मूळ पाठाकडे जाता येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सारी इमारत याच भरवशावर उभी आहे. तेथे जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ देऊन संपादकांनी आपली शंकाही छापली. घाऊक बदलाची चूक अशी विखुरलेली नसते. ती सर्व पृष्ठांत सारखी असते, आणि त्या पृष्ठांवरून पुढे नकललेल्या प्रत्येक प्रतीत तशीच जाते. दहा संकेतस्थळांवर 'आचार्यांना' सापडले तर दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही. साक्षीदार एकच, आणि तोही शिकवलेला. विद्यार्थी शब्दांची वारंवारता मोजून एखाद्या लेखकाच्या शैलीविषयी विधाने करू लागतात, तेव्हा ते अनेकदा त्या लेखकाची नव्हे, नंतर कोणीतरी चालवलेल्या आज्ञेची शैली मोजत असतात.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण ते केले आणि शके १५०६ मध्ये केले, हे ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले. संकेतस्थळांवर एवढीही नोंद क्वचित आढळते. ती ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. बदलापूर्वीच्या फायली फॉन्टच्या नावांसह, एकही खूण न हलवता, वेगळ्या जपाव्यात. आज्ञा ज्या क्रमाने चालल्या त्या क्रमाने लिहून ठेवाव्यात, आणि प्रत्येकीपुढे बदललेल्या स्थळांची संख्या द्यावी. प्रत्यक्ष बदलापूर्वी सापडलेली सर्व स्थळे आजूबाजूच्या चार-पाच शब्दांसह यादीरूपाने छापून घ्यावीत. पदव्युत्तर वर्गात ही यादी वाचायला दिली तर व्याकरणाचा एक चांगला तास होतो : 'पांच' च्या यादीत 'पांचाल', 'पांचाली', 'पांचजन्य' कोणी वेचून काढावेत, 'दर्या' च्या यादीत डोंगर कोठे आणि समुद्र कोठे ते ठरवावे, 'घरांत' पुढे एकवचन की अनेकवचन ते वाक्य वाचून लिहावे, आणि जेथे वर्गाचे एकमत होत नाही त्या स्थळी पृष्ठावर जुनेच रूप ठेवून नोंदवहीत प्रश्नचिन्ह करावे.